तळपायांची आग: प्रीगॅबलिन सोडून ड्युलोक्सेटिन घ्यावं का?

सड्यावरचा (गुहागर)
वडील ६८ वर्षांचे, मधुमेह जुना, मेटफॉर्मिन चालू. रात्री तळपायांची आग, पायावर चादरही सहन होत नाही. तीन आठवड्यांपासून रात्री एक गोळी: प्रीगॅबलिन (नसांच्या दुखण्याचं औषध) ७५ मिग्रॅ आणि मिथाइलकोबालामिन (बी-१२ जीवनसत्त्व) एकत्र. झोप लागते, पण सकाळी झोक जातो आणि घोटे सुजलेत. घरापासून रस्त्यापर्यंत जांभ्याची पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), सध्या शेवाळाने बुळबुळीत. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.६. औषध बदलावं का?

गोळीवाला
आधी वजन सांगा. आणि रक्तदाबाची गोळी कोणती? प्रीगॅबलिन जवळजवळ सगळं लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं, त्यामुळे सगळा हिशेब किडनीवर.

सड्यावरचा
५८ किलो. ॲम्लोडिपिन ५.

गोळीवाला
किडनी किती गाळते त्याचा आकडा असा काढतात: (१४० − वय) × वजन ÷ (७२ × क्रिएटिनिन). तुमच्याकडे १४० − ६८ नेमके ७२ येतात, म्हणजे ५८ ÷ १.६, साधारण ३६. ३० ते ६० मध्ये डोस निम्मा धरतात. म्हणजे ७५ त्यांना धडधाकट किडनीवाल्याच्या १५० सारखी लागतेय, झोक जाणारच. सूज ॲम्लोडिपिननेही येते, दोन्ही मिळून जास्त. आडवं झाल्यावर दम लागत असेल तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

एकत्र गोळीत डोस कमी करायला वाव नसतो. डॉक्टरांना विचारून सुटी प्रीगॅबलिन ५० घ्या, झोपायच्या तासभर आधी. एकदम बंद करू नका. थांबवायचीच ठरली तर किमान आठवडाभरात उतरवत.

डॉ. खाडीकाठ
ड्युलोक्सेटिन, नसांच्या आगीवरचंच दुसरं औषध, चालेल. जेवणानंतर ३० मिग्रॅ, आठवड्याने ६०. सुरुवातीला बऱ्याच जणांना मळमळ होते. किडनीचा आकडा ३० च्या खाली गेला, यकृत खराब असलं किंवा रोजची दारू असली तर नाही. ट्रामाडोल ही वेदनाशामक गोळी सोबत नको. ॲमिट्रिप्टिलिन १० हेही नसांच्या आगीवर देतात, स्वस्त खरं, पण या वयात प्रोस्टेट वाढलेली असेल तर लघवी अडते, ईसीजीही आधी लागतो.

डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी दुकानात मागून घेऊ नका. नसेच्या आगीवर त्याचा उपयोग नाही, आणि १.६ वर किडनी आणखी बिघडवेल.

अपेक्षाही मोजून ठेवा. प्रीगॅबलिनने सात-आठ जणांमागे एकालाच गोळीमुळे म्हणता येईल असा निम्मा आराम पडतो. आग निम्मी झाली तरी औषध लागू पडलं समजायचं. सोसेल त्या डोसवर चार-सहा आठवड्यांत फरक नसेल तर उगाच चालू ठेवू नये.

मेटफॉर्मिनने बी-१२ उतरतं, पण तपासणीआधीच मिथाइलकोबालामिन सुरू झालंय. आता रिपोर्ट चांगलाच येईल, त्यावर विसंबू नका. या क्रिएटिनिनला मेटफॉर्मिनचा डोसही विचारून घ्या.

गोळीवाला
आग होते म्हणून पाय गरम पाण्यात बुडवू देऊ नका, चटका कळत नाही. आणि चिखल्या (ओलाव्याने बोटांच्या बेचक्यात पडणाऱ्या भेगा) रोज रात्री बोटं फाकवून बघा.