रॉक अँड रोलची पहिली ध्वनिमुद्रिका कोणती?

प्रश्न: रॉक अँड रोलचा आरंभ १९५४ मध्ये एल्विस प्रेस्लीपासून झाला, असे सर्रास लिहिले जाते. मग १९५१ च्या ‘रॉकेट ८८’ या गाण्याला पहिलेपणाचा मान कशाच्या आधारावर दिला जातो?

उत्तर १: मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत आइक टर्नर यांच्या वाद्यवृंदाने ते मुद्रित केले. बिघडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये कागद कोंबून काम भागवल्यामुळे गिटारला जो खरखरीत, फाटका आवाज आला, तो फिलिप्स यांनी तसाच ठेवला. श्रेय मात्र गायक जॅकी ब्रेन्स्टन यांच्या नावावर गेले!

उत्तर २: ‘पहिली’ ध्वनिमुद्रिका शोधणे मला व्यर्थ वाटते, कारण अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या रिदम अँड ब्लूज या संगीतप्रकारात हा ठेका त्यापूर्वीच रुळला होता. फॅट्स डॉमिनो यांचे १९४९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला मुद्रित झालेले ‘द फॅट मॅन’ हे गाणे अवश्य ऐकावे.