मदत हवी आहे: पानशेतच्या पुरात गेलेल्या वाड्याचा माग कसा काढू?

पुण्यात शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला आमच्या आजोळचा दोन चौकी वाडा होता. १२ जुलै १९६१ च्या पुरात तो खचला, पुढे पाडला. आता तिथे इमारत आहे. उरलीय ती दारावरची गणेशपट्टी, मधोमध चिरलेली. तिच्या एका कोपऱ्यात छोटी कोयरी कोरलीय. ती सुताराची खूण असावी असं मला वाटतं (मामा हसतात).

सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका काढली. त्यात मालकांची नावं आहेत, वाडा कधी बांधला ते नाही. घरातले फोटो पुरातच गेले आणि शेजारची जुनी मंडळी आता हयात नाहीत. पेशवे दप्तरात घरझाडे (त्या काळच्या घरांच्या नोंदींच्या याद्या) आहेत हे माहीत आहे, पण मला मोडी येत नाही, म्हणजे वाचून घेण्याआधी नेमकं काय मागायचं ते कळायला हवं.

ज्यांनी असा शोध घेतलाय त्यांनी सांगा: आजच्या सिटी सर्व्हे नंबरावरून घरझाड्यातलं घर जुळवताना काय धरून मागे जायचं, मालकांची नावं की शेजारघरांचा क्रम? आणि पुराआधीचे त्या भागातले फोटो कुणाच्या घरी आहेत का?