वर्गातला व्हिडिओ: पोरांचा की मास्तरांच्या जागरणाचा?

खडूफळा

काल शिक्षकांच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत होती: ‘प्रकल्प म्हणून व्हिडिओ’ हे निव्वळ ढोंग आहे, पोरं पाठ केलेलं पोपटासारखं म्हणतात, मास्तर रात्री बसून तुकडे जोडतात, वर साहेबांचा फोटो चिकटवतात, त्यापेक्षा तेवढ्या तासांत अपूर्णांक शिकवा. खाली साठेक अंगठे. म्हणून हे लांबलचक.

दुखणं बरोबर सांगितलंय, औषध चुकलंय. मास्तर रात्री जागतात कारण फोन त्यांच्या हातातून सुटत नाही. सातवीचा वर्ग धरा, 45 पोरं, पाच-पाचांचे नऊ गट. एक फोन धरणार, एक आवाज बघणार, एक बोलणार, एक कुठला शॉट चांगला आला ते वहीत लिहिणार, पाचवा ‘चालू’ आणि ‘कट’ म्हणणार. विषय गल्लीतला द्या: टॉवेल कसा होतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेला तो बघायला रिक्षासुद्धा लागत नाही.

पहिले दोन तास फोन कपाटात. पाठकोऱ्या कागदाचे पत्त्याएवढे तुकडे करा, एका तुकड्यावर एकच शॉट: सुताचे कोन, बीमच्या रुळावर गुंडाळलेला ताणा म्हणजे उभे धागे, भरत जाणारी आडव्या सुताची कांडी, ती घेऊन ताण्यातून धावणारा धोटा, मागावरून उतरलेला टॉवेल, कडा शिवणारे हात. तुकडे बाकावर मांडायचे, जागा बदलायच्या, एखादा काढून टाकून बघायचं की गोष्ट अजून कळते का. खरं एडिटिंग इथंच होतं. फोनवर नंतर उरते ती कापाकापी. निवेदन दीड मिनिटाला 160-170 शब्द, त्याच्या वर गेलं की पोरगं धापा टाकत वाचतं.

शूटिंगला फोन आडवा, विमान मोडवर, नाहीतर नेमका चांगल्या शॉटला कुणाचा तरी कॉल येतो. भिंग रुमालाने पुसा. चित्र धुरकट येतं ते बऱ्याचदा बोटाच्या तेलामुळे, कॅमेऱ्यामुळे नव्हे. बटण दाबल्यावर मनात तीन मोजायचे, मग बोलायचं, संपल्यावर परत तीन. ही शेपटं सोडली नाहीत तर जोडताना पहिलं अक्षर खाल्लं जातं. शॉट 8 ते 10 सेकंदांचा. झूम नको. जवळचं हवं तर पाय चालवा.

चौथा तास

सर, बाकावर सगळं गोड दिसतं. हिशोब करा. नऊ गट, एक फोन, गटाला 20 मिनिटं. झाली 180. पस्तीस मिनिटांचे पाच तास घेऊनही पुरत नाहीत. तेवढा वेळ बाकीच्या 40 पोरांनी काय करायचं, एकमेकांची दप्तरं लपवायची?

आणि चित्राची बारकाई 1080 पी ठेवली तर मिनिटाला 120-130 एमबी जातात. गटाने सहा मिनिटं कच्चं घेतलं तरी नऊ गटांचे सात जीबी. फोनमध्ये आधीच पोषण आहाराचे फोटो, वृक्षारोपणाचे फोटो, ते झाड जगलंय याचे फोटो. ‘जागा शिल्लक नाही’ ही पाटी मग भर शूटिंगमध्ये येते. कुणीतरी क्लिपा व्हॉट्सॲपवर ढकलतं, तिथे त्या दाबून बारीक होतात, मोठ्या पडद्यावर लावल्या की पोराच्या तोंडाजागी चौकोन नाचतात. शेवटी निस्तरायचं मास्तरांनीच. मूळ पोस्ट चूक कुठे आहे?

शेंगाचटणी

720 पी ठेवा की. वर्गातल्या पडद्याला त्याहून जास्त लागतच नाही. आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग ते दाबत नाही.

माझं खरं डोकं फिरतं ते ट्यूबलाइटने. निम्म्या शाळांच्या व्हिडिओत वरून खाली काळे पट्टे सरकत असतात आणि सगळे म्हणतात फोन जुना आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, फोन आपल्याच तालात 30 चित्रं घेतो. दोन्ही ताल जुळत नाहीत म्हणून पट्टे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फ्लिकर 50 हर्ट्झवर आणा, किंवा प्रो मोडमध्ये शटर 1/50 नाहीतर 1/100 सेकंद करा. स्वस्त एलईडीलाही हेच. दोन्ही जमत नसेल तर दिवे घालवा आणि पोराला खिडकीसमोर उभं करा. समोर म्हणतोय, खिडकीकडे पाठ करून नव्हे! पाठ केली की तोंड काळं आणि मागचं झाड मात्र झकास.

कडकभाकरी

चित्राचं चाललंय सगळं. व्हिडिओ बिघडतो आवाजाने. फोन दोन मीटरवर, वर पंखा, बाजूला माग. अंतर दुप्पट केलं की आवाज 6 डेसिबलने पडतो, त्यामुळे पोरगं दूर गेलं की पंखा जिंकतो. साधा उपाय: दुसऱ्या फोनला वायरवाला इअरफोन लावायचा, त्याचा माइक चिकटपट्टीने सदऱ्याला, तोंडापासून वीतभर खाली, फोन खिशात, त्यात नुसता आवाज रेकॉर्ड. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी. जोडताना दोन्हीकडची टाळी एकाखाली एक आणली की ओठ आणि आवाज जुळले.

निवेदन मात्र वेगळं घ्या. दोन बाक समोरासमोर, वर जाड सोलापुरी चादर टाकून तंबू, पोरगं आत. वर्गाचा घुमणारा आवाज जातो. यापेक्षा स्वस्त स्टुडिओ महाराष्ट्रात नाही.

बाणा

चादर घुमणं कमी करते, बाहेरचा आवाज अडवत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धोट्याच्या मागाजवळ आवाज 90 डेसिबलच्या वर असतो, त्यातला जाड धपका चादरीतून आरपार येतो. शाळेला लागून कारखाना असेल तर तंबूत बसूनही ‘टॉवेल’च्या मागे खट्टाक-खट्टाक ऐकू येणारच. निवेदन मागाच्या सुट्टीच्या दिवशी घ्या. मागाचा आवाज स्वतंत्र 20 सेकंद घेऊन ठेवा आणि जोडताना निवेदनाखाली बारीक लावा.

कडकभाकरी

बरं बुवा, चादर म्हणजे भिंत नव्हे. लिहून घेतलं.

पाटीपुस्तक

आवाजाचं एवढं चाललंय तर जे बोललं जातं त्याचंही बोला. ‘मशीन कसं फिरायलंय बघ बे’ असल्या भाषेत निवेदन करून शाळेचं नाव लावायचं? स्पर्धेला पाठवलं की परीक्षक पहिले भाषेचे गुण कापतात. प्रमाण मराठीत दहा वेळा म्हणून घ्या, अकराव्यांदा येतं.

शेंगाचटणी

अकराव्यांदा येतं ते पाठांतर! मूळ पोस्टमधला पोपट असाच तयार होतो मॅडम. त्या पोराच्या घरी तेलुगू, गल्लीत कन्नड नाहीतर उर्दू, मैदानात सोलापुरी. त्यात तुम्ही हातात ‘सदर यंत्र हे विद्युतशक्तीवर चालते’ असा कागद देता. डोळे कागदावर, मान खाली, माइकमध्ये नुसती कुजबुज. टेक वाया जातात ते भाषेमुळे नाही, लिहून दिलेल्या वाक्यामुळे. मुद्द्यांच्या तीन चिठ्ठ्या द्या, वाक्य त्याचं त्याला बनवू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या टेकला नीट येतं.

पाटीपुस्तक

तुम्ही त्याला बोली म्हणा, मी गबाळेपणा म्हणते. घरी तेलुगू बोलणाऱ्या पोराने शाळेत मराठी शिकायचं नाही तर कुठे? ‘बे’ त्याला शिकवावं लागत नाही.

बाणा

मग ‘बे’ काढा, ‘फिरायलंय’ राहू द्या, तह झाला. पण मुलाखतीला हात लावू नका. माग चालवणारे काका तेलुगूत जे सांगतात ते मोडक्या मराठीत सांगायला लावलं की निम्मी माहिती गळते. कांडी संपत आलीय हे त्यांना माग न बघता आवाजावरून कळतं. असलं बारीक माणूस आपल्याच भाषेत सांगतो. बोलू द्या तेलुगूत, खाली मराठी उपशीर्षक. आणि ते तेलुगू येणाऱ्या पोरानेच लिहायचं. दोन ओळी, ओळीला 35-40 अक्षरं, निदान दोन सेकंद पडद्यावर. वीस सेकंदांचं बोलणं एवढ्याशा जागेत बसवताना जी मराठी घासली जाते, ती निबंधात घासत नाही. बघा, तुमचं प्रमाण मराठीही यात आलं.

चौथा तास

उपशीर्षक म्हणे. काही ॲपांत देवनागरी टाकून बघा. ‘विद्यार्थी’ची वेलांटी उडी मारून भलत्या अक्षरावर बसते, द आणि य फारकत घेतात. शुद्धलेखनाचे धडे द्यायचे आणि पडद्यावर हे दाखवायचं.

खडूफळा

त्याला दोन वाटा आहेत. अक्षरं दुसरीकडे लिहून पीएनजी चित्र म्हणून वर ठेवायची. चित्रातली वेलांटी हलत नाही. नाहीतर शीर्षकं सरळ फळ्यावर खडूने लिहून त्याचाच शॉट घ्या. संगणक असेल तर जोडायला शॉटकट किंवा ओपनशॉट ही सॉफ्टवेअरं, दोन्ही फुकट, कोपऱ्यात शिक्का उमटत नाही.

पाटीपुस्तक

भाषेचं तुम्ही सगळे मिळून पळवून नेलंत, छान. पण मजकुराचं काय? 12 जानेवारीला दरवर्षी तोच व्हिडिओ: चार हुतात्म्यांचे चार फोटो, वर देशभक्तीचं सिनेमागीत. यूट्यूबवर टाकला की गाण्यावर हक्कदाराचा दावा, कधी सगळा आवाजच बंद. आणि निवेदनात ‘सोलापुरात फाशी दिली’. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी फाशी दिली ती पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगात. मार्शल लॉ सोलापुरात होता, 1930 साली. हे पाठ करून तरी बरोबर म्हणा!

शेंगाचटणी

हे मात्र शंभर टक्के मान्य, आणि मान्य करताना जड जातंय. चूक कागदी तुकड्यांच्या वेळीच पकडायची. प्रत्येक तुकड्याच्या मागे ‘हे कुठून कळलं’ ही एक ओळ. ओळ रिकामी तर शॉट बाद. गाण्याऐवजी चार पुतळ्यांजवळचा सकाळचा आवाज घ्या, फुकट आहे आणि आपला आहे.

चौथा तास

पुतळ्यांजवळ तोंडं दिसणारी पोरं, मग व्हिडिओ सार्वजनिक. 2023 च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे, पालकांची संमती लागते. साठ अंगठेवाल्यांपैकी किती जणांनी सही घेतलीय? की आता परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं उदाहरण येणार? त्यांना 2020 साली जागतिक पुरस्कार मिळाला, अभिमान आहेच. पण पुस्तकातल्या क्यूआर कोडमागे मुलांनी बघायचं साहित्य होतं. इथे वाद मुलांनी बनवण्याचा आहे. ते नाव पुढे करून दर शिक्षकाकडून व्हिडिओ मागवायचं बंद करा.

खडूफळा

मागवणाऱ्यांबद्दल तुमच्याशी भांडण नाही. सहीबद्दलही नाही, जूनमध्ये प्रवेशाच्या कागदांबरोबर घ्या. तसा टॉवेलच्या व्हिडिओला तोंडं लागतातच कुठे? हात, सूत, माग. आणि नऊ गटांना नऊ व्हिडिओ कशाला? एकच व्हिडिओ, गटाला एक टप्पा, तीन शॉट, दहा मिनिटं. नव्वद मिनिटांत सगळ्यांचं शूटिंग. बाकीचे तोवर निवेदनाचे मुद्दे काढतील, उपशीर्षकं लिहितील, मागच्या गटाच्या क्लिपांतून टाकाऊ वेगळ्या करतील. कच्चा माल सात जीबीवरून एकावर येतो.

चौथा तास

नव्वद मिनिटं म्हणजे तीन तास. तीन मिळतील, कलेच्या बाईंचा एक उसना घेऊन. पण मी रात्री लॅपटॉप उघडणार नाही. पोरांनी जोडलेला जसा असेल तसा दाखवायचा, मधे काळा पडदा आला तरी. साहेबांचा फोटो ज्याला हवा त्याने स्वतः चिकटवावा.

बाणा

धोट्याच्या शॉटला 8 सेकंद घेतले तरी काही कळत नाही, नुसती रेघ दिसते. तो स्लो मोशनमध्ये घ्या, सेकंदाला 120 किंवा 240 फ्रेम. पण ट्यूबखाली नको. त्या वेगात तिचं लुकलुकणं उघडं पडतं, सगळा शॉट फडफडतो. दिवसाचा उजेड येईल असा दाराजवळचा माग बघा. आणि मार्च-एप्रिलमध्ये दुपारी जाऊ नका. उन्हात फोन तापला की आधी पडदा मंद होतो, मग कॅमेरा आपणहून बंद. कव्हर काढून ठेवा.

चौथा तास

म्हणजे सकाळी साडेसात, दाराजवळचा माग, कव्हर काढलेला फोन. ठीक. चादर कडकभाकरी आणतील, घुमण्यापुरती.