दारूगोळा भांडारातील इशाऱ्यांचा उपयोग आहे का?

वर्धेकर : सैनिक मरणाची तयारी ठेवूनच भरती होतो, मग त्याला सुरक्षेची व्याख्याने आणि फलक कशाला, असे एका निवृत्त अधिकाऱ्याने लिहिले आहे. ते वाचून राहवले नाही. ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात रणगाडाविरोधी सुरुंगांच्या साठ्याला आग लागली आणि ती विझवायला धावलेले अधिकारी व जवान प्राणास मुकले. तेथे शत्रू कोठे होता?

माजी सुभेदार : भावना समजते, पण फलकाने काय झाले असते? आमच्या डेपोच्या दारावर 'काड्यापेटी आत नेऊ नये' असे ठळक लिहिलेले होते; वर्षानुवर्षे त्याखालून ये-जा करणाऱ्यांची नजर त्यावर ठरत नसे. आमचे हवालदार मात्र प्रत्येकाला खिसे उलटे करायला लावत, कर्नलसाहेबांनासुद्धा. आतले स्फोटक बाहेर पाझरू लागलेल्या सुरुंगावर उपाय एकच, तो साठ्यातून वेळीच बाजूला काढणे.

वर्धेकर : सुरुंग बाजूला काढा, हे वर कोणी तरी लिहून कळवल्याशिवाय तो निघत नाही. इशारा म्हणजे केवळ भिंतीवरची पाटी नव्हे.

देवळीकर : तुम्ही दोघे गणवेशातल्यांविषयीच बोलता आहात. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर स्फोट होऊन सहा जण गेले. त्यांत मजूर होते. माझा मामा अशाच एका ठिकाणी रोजंदारीवर खड्डे खणत असे. कोणत्या पेटीला हात लावायचा नाही, हे त्याला शेजारच्या मजुराकडून कळले.

माजी सुभेदार : मजूर ठेकेदार आणतो. त्याच्या हलगर्जीपणाचे खापर फौजेवर फोडू नका. आम्ही तेथे उमेदीची वर्षे घालवली आहेत.

देवळीकर : खड्डा फौजेच्या मैदानात, पेटी सरकारची आणि जबाबदारी तेवढी ठेकेदाराची? मामाच्या जागी तुमचा मुलगा असता तर हेच लिहिले असते का?

माजी सुभेदार : मुलाचा उल्लेख नको होता.

वर्धेकर : २०१४ मध्ये सिंधुरत्न पाणबुडीत धूर होऊन दोन अधिकारी गेले, तेव्हा नौदलप्रमुख डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. दोष ठेकेदारावर ढकलणे त्यांच्या मनात आले नाही.

माजी सुभेदार : ठीक आहे. मजुराला काम सुरू होण्यापूर्वी, त्याला समजेल अशा भाषेत, फौजेच्याच माणसाने सांगितले पाहिजे, एवढे मान्य करतो. फलकांविषयीचे माझे मत मात्र बदललेले नाही.