ले-आउटचा (प्लॉटच्या वसाहतीचा) ग्रुप: जुन्या बोलेरोत वरचा कन्सोल अन् बाहेरच्या तापमानाचा सेन्सर

प्लॉट १४: राम राम मंडळी. २००८ ची बोलेरो हाय. छतात समोर, दोन्ही सनव्हायझरच्या मधात कन्सोल लावाचा हाय. वाचाचे दोन लाइट, चष्म्याचा खण अन् बाहेरचं तापमान दाखवणारा डिस्प्ले. भंगारवाल्याकडे नव्या गाडीचा पूर्ण कन्सोल भेटून राहिला, डिस्प्लेसकट. घेऊ का?

प्लॉट ३: खोका म्हणून घ्या भाऊ, डिस्प्लेच्या भरवशावर घेऊ नका. नव्या गाड्यांत बाहेरचा सेन्सर बहुतेक वेळा डिस्प्लेला थेट जोडलेला नसतो. तो ईसीयूला (गाडीच्या कॉम्प्युटरला) किंवा डॅशबोर्डच्या मीटरला जातो आणि तिथून आकडा कॅन लाइनवरून, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या आपसातल्या तारेवरून, डिस्प्लेपर्यंत येतो. तुमच्या गाडीत तो आकडा पाठवणारं कोणी नाही. १२ व्होल्ट दिले तरी डिस्प्ले कोरा राहील, नाहीतर नुसत्या रेघा दाखवेल. त्या जागी सुटं तापमान मीटर बसवा, ज्याच्यासोबत त्याचाच सेन्सर येतो.

प्लॉट ३: मीटर एलईडी आकड्यांचं घ्या. साधी एलसीडी ५० डिग्रीपर्यंतच नीट चालते. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत छतापाशी त्याच्या बरंच वर जातं, अन् डिस्प्ले काळा पडतो.

प्लॉट १४: अन् सेन्सर? दुकानदार म्हणते कोनताही चालते.

प्लॉट २१: कोणताही चालत नाही. मीटरसोबतचा सेन्सर बहुधा १० के (किलोओहम) चा एनटीसी, म्हणजे तापमानानुसार रेझिस्टन्स बदलणारा, असतो. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. २५ डिग्रीला १० किलोओहम, शून्याला ३३ च्या आसपास, ४५ ला सव्वाचार-साडेचार. घरच्या एसीचा ५ के चा सेन्सर त्याच मीटरला लावला तर २५ डिग्रीच्या सकाळी ४१ दाखवेल. दुसरी जात डीएस१८बी२०, डिजिटल, तीन तारांची. तिला डेटा आणि प्लसच्या मधात ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लागतो. त्यात आकडा ८५ वर अडकला तर ते तापमान नसतं. सेन्सर चालू होताना त्याच्या आत तोच आकडा असतो, म्हणजे पुढचं मोजणं झालंच नाही. आधी त्याचा सप्लाय तपासा.

प्लॉट २१: बसवायच्या आधी तपासणी घरीच होते. थर्मासमध्ये बारीक फोडलेला बर्फ, तो बुडेल इतकंच पाणी, सेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाच मिनिटं आत. मधूनमधून हलवत राहा. आकडा शून्याच्या एक डिग्री इकडेतिकडे असला तर जोडी बरोबर आहे.

प्लॉट ९: सेन्सर लावजा कुठं, थे सगळ्यात महत्त्वाचं हाय. समोरच्या बंपरच्या मांगं, ग्रिलच्या खालून हवा आत शिरते तिथं, कोपऱ्याले. एसीचा कंडेन्सर अन् रेडिएटर यायच्यापासून वीतभर तरी पुढं. उघड्यावर नको, त्याच्यावर ऊन पडलं का आकडा खोटा. लोखंडाले टेकवू नका, रबरी ग्रोमेटात (भोकात बसणाऱ्या रबरी कडीत) नाहीतर प्लॅस्टिकच्या क्लिपात लटकता ठेवा. टेकला का तो तापल्या पत्र्याचं तापमान सांगते, हवेचं नाही.

प्लॉट २७: आरशाच्या खाली का नको? बऱ्याच गाड्यांना कंपनीतूनच तिथे असतो. चिखल कमी, इंजिनची धग नाही.

प्लॉट ९: जागा चांगलीच हाय. पन तार दारातून न्या लागते. जुन्या गाडीच्या दाराले वायरिंग नसलं तर बिजागरीपाशी रबरी नळी बी नसते. तार तिथं रोज वाकते अन् आतल्या आत तुटते. तुमच्या दारात पॉवर विंडोची नळी असन तं आरसा करा, नाहीतर बंपर.

प्लॉट ३: बंपरवाल्याने एक गोष्ट धरून चालावी. गाडी थांबली की इंजिनची उष्णता पुढे येते आणि आकडा पाच-सात डिग्री चढू शकतो. कंपनीच्या गाडीत प्रोग्राम असा असतो की वेग कमी असताना आकडा वर जाऊ देत नाही. सुट्या मीटरमध्ये ती सोय नसते. म्हणून गाडी रस्त्याला लागून पाच-दहा मिनिटं झाल्यावर दिसतो तोच आकडा खरा.

प्लॉट १४: तार किती लागन?

प्लॉट २१: बंपरपासून छतापर्यंत पाच-साडेपाच मीटर, ०.५ स्क्वेअर एमएमची दोन कोरची. लांबीची चिंता नको. जाऊन-येऊन ११ मीटर तारेचा रेझिस्टन्स अर्धा ओहमही नाही, सेन्सरचा हजारोंत आहे. खरी चिंता जॉइंटची. जॉइंट गंजून ५०० ओहम वाढला तर ४५ च्या जागी ४२ दिसेल. उलट त्यात पाणी शिरून दोन तारांत गळती झाली तर आकडा खऱ्यापेक्षा वर जाईल. तार पूर्ण तुटली तर उणे चाळीससारखं काहीतरी, नाहीतर एररचा कोड. शॉर्ट झाली तर एकदम टोकाचा गरम आकडा. आकडा कोणत्या बाजूला चुकतो हे पाहिलं की बिघाड कुठे शोधायचा ते कळतं.

प्लॉट २१: सोल्डर करा, वर डिंकवाली हीट श्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी). पीळ देऊन काळी टेप गुंडाळू नका. आपल्या उन्हाळ्यात तिचा डिंक वितळून टेप सुटते.

प्लॉट ९: तार डाव्या बाजूनं न्या, पेडल अन् स्टिअरिंग उजवीकडे हाय. बोनेटमधून जाताना एक्झॉस्टपासून दूर, पूर्ण लांबीले नालीदार पाइप घाला, उंदीर-खारी कुरतडतात. फायरवॉलले (इंजिन अन् केबिनच्या मधातल्या पत्र्याले) नवं भोक पाडू नका, हाय त्या ग्रोमेटातून ओवा अन् वरून सिलिकॉन लावा. ग्रोमेटाच्या आधी तारेले खाली यू सारखा झोल द्या. पावसाचं पानी तारेवरून घरंगळत येते, झोलावरून खाली टपकते, आत येत नाही. झोल नसला तं पायाखालची चटई ओली.

प्लॉट २७: आता करंट. डोम लाइटच्या दोन तारा हाताशी आहेत म्हणून त्यातूनच प्लस-मायनस घ्यायची चूक खूप होते. बऱ्याच जुन्या गाड्यांत दाराचा स्विच अर्थ, म्हणजे मायनस, तोडतो. म्हणजे डोम लाइटची एक तार कायम प्लस, आणि दुसरी दार उघडलं तरच अर्थ. तिला मीटरचं मायनस लावलं की मीटर दार उघडल्यावरच चालू होतं. लोक मग मीटरच बदलून आणतात. मायनस छताच्या आडव्या पट्टीला, रंग खरवडून, दातेरी वॉशर आणि स्क्रूने.

प्लॉट १४: अन् प्लस कायमचा चालन का?

प्लॉट २७: वाचायच्या लाइटला हो, मीटरला नको. मीटर ३० मिलिअँपिअर ओढत असेल तर दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर, महिनाभर गाडी उभी राहिली तर साडेएकवीस. ६० च्या बॅटरीचा तिसरा हिस्सा गेला. मीटरचा प्लस फ्यूज बॉक्समधून, चावी फिरवल्यावर येणाऱ्या लाइनवरून, २ अँपिअरचा फ्यूज फ्यूज बॉक्सपाशीच. मीटरपाशी फ्यूज लावला तर मधल्या तारेला फ्यूजचं संरक्षण राहत नाही.

प्लॉट १४: खोका छताच्या कापडाले स्क्रूनं धरन का?

प्लॉट ३: अजिबात नाही. जुन्या अस्तराचा फोम भुगा झालेला असतो, ते स्वतःचंच वजन कसंबसं धरतं. सनव्हायझर, डोम लाइट आणि समोरची पट्टी काढून अस्तराची पुढची कड हलकेच खाली घ्या. पत्र्याच्या आडव्या पट्टीला दोन एमएमची अॅल्युमिनियम पट्टी बसवा, खोका तिला टांगा. डबल टेपच्या भरवशावर ठेवला तर दुपारी डोक्यावर येईल.

प्लॉट ३: भोक पाडताना सगळ्यात जपायचं. आडव्या पट्टीच्या वर बाहेरचं छत अगदी जवळ असतं. ड्रिलच्या पात्यावर पेनच्या नळीचा तुकडा चढवा, टोक पाचच एमएम बाहेर राहील इतका. चक नळीला टेकला की पातं थांबतं. स्क्रू घेताना पट्टीमागची जागा टोक वाकवलेल्या तारेच्या हुकाने मोजा. भोकाच्या कडेला प्रायमर लावा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो.

प्लॉट १४: झाल्यावर तपासू कसा?

प्लॉट ९: पहाटे, गाडी रातभर सावलीत उभी असन तवा साध्या थर्मामीटरशी जुळवा. मंग परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटानं जा. हजार मीटर चढाले सहा-साडेसहा डिग्री उतरते, आकडा हळूहळू खाली आला पायजे. अडकून राहिला तं सेन्सर कुठंतरी लोखंडाले टेकला हाय. अन् पावसाळ्यात दर पंधरवड्याले बंपरखाली हात घालून सेन्सरवरचा काळ्या मातीचा थर काढजा. वाळला का तो सेन्सरले गोधडीसारखा गुंडाळते, आकडा अर्धा तास मांगं राहते. पानी साध्या पायपानं, प्रेशरचा पंप सेन्सरवर नाही.

प्लॉट १४: म्हंजे खोका, एलईडी मीटर १० के सेन्सरसकट, सहा मीटर तार, हीट श्रिंक, नालीदार पाइप, फ्यूज होल्डर अन् २ चा फ्यूज, अॅल्युमिनियम पट्टी. उद्या तालुक्याले जातो.

प्लॉट २७: दोन कोरची अजून दोन मीटर जास्त आणा, फ्यूज बॉक्स ते छत. आणि कामाला हात लावायच्या आधी बॅटरीचं मायनस काढा.