नवी सैनिक माशी ठरवण्यापूर्वी
वरुडकडच्या संत्र्याच्या बागेत दिसलेली काळी सैनिक माशी नवी प्रजाती असावी, असे आपण म्हणता. परंतु केवळ छायाचित्रावरून तसे ठरवता येत नाही. आमच्या उकिरड्यावर पावसाळ्यात येणारी, गांधीलमाशीसारखी भासणारी माशी (दोनच पंख असल्याने सोंग उघडे पडते) मी भिंगाखाली पाहिली, तेव्हा कमरेपाशी दोन अर्धपारदर्शक खिडक्या आणि पांढरी पावले दिसली. ती १७५८ साली स्वीडिश निसर्गतज्ज्ञ लिनियसने वर्णिलेली, मूळची अमेरिका खंडातील हर्मेशिया इल्युसेन्स ही जुनीच सैनिक माशी निघाली. सैनिक माश्यांच्या कुळात पंखांच्या शिरा पुढच्या कडेकडे दाटलेल्या असतात, मात्र प्रजाती वेगळी ठरवताना बहुधा नराची जननेंद्रिये तपासावी लागतात आणि वर्णनाचा आधार असलेला नमुना संग्रहालयात जपावा लागतो. आपण ती माशी पकडून ठेवली आहे काय?