कानबाईच्या दिवशीचे घरातले फोटो : आजी अंधारात, पोरं पांढरीफट्ट. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

यंदा कानबाईला (आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण) बऱ्याच वर्षांनी आम्ही सगळे भाऊबंद गावी जमलो. गाव अमळनेर तालुक्यात. रोटांसाठी (कानबाईचा नैवेद्य) सुरतेहून, पुण्याहून माणसं आली. आजी नव्वदीच्या घरात आहे. तिच्यासोबत सगळ्यांचा असा फोटो पुन्हा कधी निघेल सांगता येत नाही, म्हणून हे फोटो मला वाचवायचेच आहेत.

घर धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं. मातीच्या जाड भिंती, वर धुरानं काळं झालेलं लाकूड, खिडकी एकच आणि तीही हातभर. उजेड येतो तो ओसरीच्या दारातून.

पहिला फोटो दुपारचा, मोबाइलवरचा. सगळे दाराकडे पाठ करून बसले. दार पांढरं झालं, अंगणातला निंब दिसेनासा झाला आणि चेहरे काळे आले. ब्राइटनेस वाढवला की चेहऱ्यांवर राखाडी ठिपके येतात.

दुसरा महत्त्वाचा. संध्याकाळी कानबाईसमोर चुलतभावानं त्याच्या डीएसएलआरवर, कॅमेऱ्यावरच्याच फ्लॅशनं काढलेला. पुढं बसलेली पोरं पांढरी, मागं खाटेवर बसलेली आजी अंधारात. भिंतीवर आजोबांची काचेची तसबीर आहे, फ्लॅशचा गोळा नेमका त्यांच्या तोंडावर. शिवाय लोंबणारी चार्जरची वायर, लाल प्लॅस्टिकची खुर्ची आणि कडेला कुणाचा तरी अर्धा हात. आजी फोटो पाहून म्हणाली, "दिवा दिखस, पन मी दिखत नही." तेव्हापासून जिवाला लागून राहिलंय.

एका अ‍ॅपमध्ये आपोआप सुधारणारं बटण दाबून पाहिलं. चेहरा उजळला, पण कपाळावरचं नि हनुवटीवरचं गोंदण पुसलं गेलं. ती आजीच राहिली नाही.

तिसऱ्या फोटोत, ट्यूबखाली, आडवे काळे पट्टे आलेत. तो राहिला तरी चालेल, पण कारण कळलं तर बरं.

दुसरा फोटो १२ × १८ इंचात छापून घरात लावायचा आहे. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद

दादा, आधी सांगा, तुमच्याकडे मूळ फाइल आहे की व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली? तिथं साधा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो, एवढ्या मोठ्या छपाईला तो पुरणार नाही. भावाला कार्ड तपासायला सांगा आणि फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. कॅमेऱ्यात रॉ (सेन्सरची कच्ची, न आवळलेली फाइल) चालू असेल तर अर्धं काम झालं समजा. आणि त्या वेळचे टाकाऊ वाटलेले फोटोही मागवा, एकही डिलीट करू देऊ नका.

धागाकर्ता

बरं झालं विचारलंत. माझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅपचीच होती. भावाच्या कार्डवर रॉ सापडली! त्याच वेळचा, दोन पावलं डावीकडून काढलेला आणखी एक फोटोही आहे. त्यात आजीचे डोळे मिटलेले आहेत, पण आजोबांच्या काचेवर चमक नाही.

प्रतिसाद

मग काम होईल. मी लग्नाचे फोटो काढतो, अशी घरं रोज बघतो, म्हणून सविस्तर लिहितो.

फ्लॅशचा उजेड अंतर दुप्पट झालं की चौथाई उरतो. पोरं चार फुटांवर आणि आजी आठ फुटांवर असेल तर तिला चौथा हिस्साच मिळाला. म्हणून अख्खा फोटो उजळू नका, तेवढाच भाग उजळा. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. ठिपके कमी येऊन अंधारातला चेहरा वर येतो तो यामुळे.

डार्कटेबल हे फुकट सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घ्या. आधी पोरांच्या चेहऱ्यांसाठी एक्स्पोजर (एकूण उजेड) थोडं खाली आणा. मग आजीभोवती लंबगोल मास्क (बदल तेवढ्याच भागापुरता ठेवणारी चौकट) काढून, त्याची कड खूप मऊ ठेवून, दीड ते दोन स्टॉप वर न्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). एका दमात नेऊ नका. ती उजळली की नारिंगी दिसेल, कारण तिच्यावर समईचा पिवळा उजेड आहे आणि पोरांवर फ्लॅशचा पांढरा. त्याच मास्कमध्ये पिवळेपणा थोडा उतरवा, सगळा नको. कानबाईची रात्र आहे, दिव्याचा रंग चेहऱ्यावर राहू द्या.

नॉइज, म्हणजे ते राखाडी ठिपके, कमी करणारा स्लायडर जपून. गोंदण जातं ते तिथंच. शंभर टक्के झूम करून हनुवटीवरच्या गोंदणाचे ठिपके बघत बघत सरकवा. थोडा खरखरीतपणा छापल्यावर कळतही नाही.

आजोबांची तसबीर त्या डावीकडून काढलेल्या फोटोतून उचला. दोन्ही फोटो जिंप या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक थर (लेयर) करून ठेवा, युनिफाइड ट्रान्सफॉर्म या साधनानं तसबिरीचे चार कोपरे जुळवा आणि काचेपुरता मास्क लावा. तिथं एआयनं चेहरा भरू नका. तो नवाच माणूस काढून देतो.

पहिल्या फोटोतलं दार मात्र सोडा. मोबाइलच्या जेपेगमध्ये पांढरं जळालेलं परत येत नाही. स्नॅपसीड अ‍ॅपमध्ये 'सिलेक्टिव्ह'चा ठिपका एकेका चेहऱ्यावर ठेवून थोडं उजळा, बस. पुढच्या वेळी माणसांची तोंडं दाराकडे करा आणि तुम्ही दारात बाजूला उभे राहा. आणि आपल्या धाब्याच्या घरात फ्लॅश वर मारून उपयोग नाही, काळं लाकूड उजेड गिळून टाकतं. बाजूला पांढरी चादर ताणून तिच्यावर मारा. त्यासाठी डोकं फिरणारा वेगळा फ्लॅश लागेल.

पट्ट्यांचं कारण : आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की पट्टे जातात.

प्रतिसाद

वायर आणि अर्धा हात काढाच. हात नुसत्या क्रॉपनं (कड कापून) जाईल, वायर हीलिंगनं (शेजारचा तुकडा उचलून झाकणारं साधन). भिंत मातीची आहे, तेव्हा पॅच जवळूनच घ्या, नाहीतर पोत वेगळा दिसतो. खुर्ची पुसायला जाऊ नका, मागं खाटेचा पाय नि पायाशी बसलेलं माणूस आहे, घोटाळा होईल. तिचा नुसता लाल रंग फिका करा, नजर आपोआप आजीकडे जाते. आणि मांडणीवरची भांडी राहू द्या हो, आमच्या नंदुरबारच्या घरातली अशीच मांडणी गेली, एका फोटोत उरली नाही.

धागाकर्ता

तीन रात्री बसलो. दीड स्टॉपवर थांबलो, त्याच्या वर चेहरा कागदासारखा दिसायला लागला. गोंदण शाबूत आहे. आजोबांची तसबीर जुळवायला सगळ्यात जास्त वेळ गेला, काचेच्या कडेला अजून एक बारीक रेघ दिसते, ती आज घालवतो. मांडणी ठेवली. ताई, वायर गेली.

रविवारी गावी मोबाइलवर आजीला दाखवला. तिनं बोटानं आधी आजोबांना शोधलं, मग स्वतःला. प्रिंट जळगावात टाकतोय. काच न लावता मॅट कागदावर घेऊ ना?